बंब पेटलेला होता

आमचं न्हाणीघर साडेचार फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब. त्यात टब बसवायचा म्हणणारी बाई एक तर वेडी असणार, नाहीतर कुणाचं तरी उट्टं काढायला निघालेली. मी वेडी नाही.

फरशीखालनं पाणी झिरपून स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली, पोपडे निघाले, आणि मिस्त्री येऊन म्हणाला की सगळं उखडल्याशिवाय गत्यंतर नाही. उखडायचंच आहे तर नवं काय बसवायचं, ते आत्ताच ठरवा, नळ त्याप्रमाणं फिरवतो, असं त्याचं म्हणणं. आमच्या ह्यांनी ठरवूनच ठेवलं होतं. शॉवर. भिंतीला धरायला दांडा, खाली कडाप्प्याचा बसका कट्टा, म्हणजे आईला बसून आंघोळ करता येईल. आई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्यात सासूला आत्याबाई म्हणतात. वय एक्क्याऐंशी, दोन्ही गुडघे गेलेले, पण जीभ शाबूत.

मी म्हटलं, टब.

मिस्त्रीनं टेप पुन्हा एकदा लावून बघितली. मग डोकं खाजवत म्हणाला, "टब बसंल वो वहिनी, पर मग मानूस कुठं उभा ऱ्हानार?"

"टबात," मी म्हटलं.

त्यानं ह्यांच्याकडं बघितलं. हे टेपवरचे आकडे वाचत उभे. एकतीस वर्षांच्या संसारात ह्यांनी अडचणीच्या वेळी असंच काहीतरी वाचत उभं राहायचं काम केलेलं आहे. कॅलेंडर, पेपर, लाईट बिल, जे हाताला लागेल ते.

आत्याबाई काठी टेकत दारापर्यंत आल्या. मिस्त्री हात करून दाखवत होता, टबाचा काठ फरशीपासनं एवढा वर येणार, म्हणजे चांगला गुडघ्याएवढा. त्यांनी त्या हाताकडं बघितलं, मग आपल्या पायाकडं, आणि विचारलं, "आन् ह्यात मी पाय कसा टाकू?" खोटं कशाला बोलू, माझ्या काळजाला असा गारवा वाटला की विचारू नका. बाहेर जाऊन मी मिस्त्रीसाठी चहा टाकला आणि आलं जरा जास्तच घातलं.

आता ऐकणाऱ्याला वाटेल की काय ही सैतान बाई. म्हणून मागचं सांगते.

माझं माहेर इचलकरंजीचं. वडील मागावर, पाळी बदलती. आमच्या घरी पाण्याचा एकच नियम होता, जो दमून येईल त्याला पहिलं पाणी. वडील रात्रपाळी करून सकाळी आले की पहिलं त्यांना. आई दुसऱ्यांच्या घरची पापडाची लाटणी उरकून आली की पहिलं तिला. मी दहावीच्या परीक्षेहून आले तेव्हा भर दुपारी मला कढत पाणी काढून दिलेलं होतं, आणि वडील बाहेर खांद्यावर टॉवेल टाकून गप बसलेले. मला वाटायचं, सगळ्या घरांत असंच असतं.

एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन कोल्हापुरात आले. सासऱ्यांची शाहूपुरीत गुळाची पेढी, घर खाऊन-पिऊन सुखी. मागच्या अंगणात हा एवढा तांब्याचा बंब. दोन घागरी पाणी मावायचं आणि वर आणखी थोडं. मधल्या नळकांड्यात लाकडाच्या ढलप्या नि कोळसा टाकायचा, खालनं तोटीनं गरम पाणी काढायचं, वरनं गार ओतायचं. पहाटे उठून तो पेटवायचं काम नव्या सुनेचं. पहिल्याच दिवशी आत्याबाईंनी मला जवळ बसवून शिकवलं. राख कशी काढायची, जाळ कसा धरायचा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पेटलेला बंब कधीही रिकामा करायचा नाही. पाणी कमी झालं की आधी वरनं ओतायचं, मगच खालनं काढायचं. "कोरडा तापला तर सांध्याचे डाग सुटतील. मग नवा बंब तुझ्या म्हायेरासनं आनावा लागंल," असं त्यांनी वर ऐकवलं होतं. मी ते पक्कं ध्यानात ठेवलं, कारण माझ्या माहेरची बंब आणायची ऐपत नव्हती.

आंघोळीचा क्रम असा. आधी सासरे. मग दीर, मग हे, मग आत्याबाई. मग मी. पाचवी. बरं, पाचवी तर पाचवी, बंब पेटता असला की शंभराव्यालाही गरम पाणी मिळतं. पण माझी पाळी आली की आत्याबाई विस्तव ओढून टाकायच्या. जळण काय फुकट येतंय? महिन्याच्या चार दिवसांत तर न्हाणीघरही बंद. स्वयंपाकघरामागं भांडी घासायची मोरी आहे, तिथं जुन्या लुगड्याचा पडदा लावून गार पाण्यानं उरकायचं. पडदा वाऱ्यानं उडायचा. मी तो एका हातानं धरून दुसऱ्या हातानं तांब्या ओतायला शिकले.

तरी ह्या सगळ्याचा मी डूख धरला नसता. सासुरवास काय मला एकटीलाच होता? चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, असं आईनं पाठवतानाच सांगितलं होतं. डूख धरला तो पहिल्या दिवाळीचा.

पहिली आंघोळ. अंधार असतानाच उठून मी बंब पेटवला. सगळ्यांना तेल लावलं, उटणं कालवलं, दारात कारीट फोडायला मांडून ठेवलं. माझं तेल माझं मीच लावलं, कारण माझ्या डोक्याला हात लावणार कोण? केस कमरेपर्यंत होते तेव्हा. ते तेलानं थबथबलेले घेऊन मी बंबापुढं बसले, ढलप्या सारत, एकेकाचं आवरायची वाट बघत. सूर्य उगवायच्या आत आंघोळ झाली नाही तर माणूस नरकात जातं म्हणतात. पूर्वेकडं फटफटायला लागलं होतं. आत्याबाई आंघोळ करून, नवं लुगडं नेसून बाहेर आल्या. मी उठले, कपडे हातात घेतले, आणि त्या म्हणाल्या, "पानी संपलं."

बंब माझ्या डोळ्यांपुढं पेटलेला होता. नळकांड्यातनं जाळ दिसत होता. पेटलेल्या बंबातलं पाणी संपत नसतं, हे मला शिकवणारी बाई माझ्या तोंडावर सांगत होती की पाणी संपलं. मी तशीच उभी राहिले. मग त्या म्हणाल्या, "पहाटंपास्नं बंबाम्होरं बसून शेकलीस की. तुला आनि कशाला गरम पानी?"

माझ्या घशाशी एकच वाक्य आलं होतं. बंब पेटलेला आहे की, आत्याबाई. एवढंच. ते मी गिळलं. गार पाणी अंगावर घेतलं तोवर ऊन तुळशीपर्यंत आलं होतं. गार पाण्यानं तेल निघतंय होय? दिवसभर केसांतनं तेल गळत राहिलं आणि माझ्या दिवाळसणाच्या जांभळ्या साडीवर खांद्यापासनं कमरेपर्यंत डाग पडला. आल्यागेल्यांनी विचारलं, तर आत्याबाई म्हणाल्या, पोरीला नीट न्हायलाबी येत नाही. आणि मी कपडे वाळत घालायला मागं गेले तेव्हा मोरीत पितळेची भांडी दोन घागरी कढत पाण्यात भिजत पडलेली, वाफ येत होती अजून.

ती साडी मी टाकली नाही. ट्रंकेच्या तळाला आहे.

पुढं सासरे गेले, दीर वेगळे झाले, गिझर आला, बंब माळ्यावर चढला. केसही गेले निम्मे. पण ते गिळलेलं वाक्य काही खाली उतरेना. गेली दहा वर्षं ह्या घरात माझ्या शब्दाबाहेर कुणी नाही, तरी दर दिवाळीला पहाटे जाग आली की घशात तेच. लोक म्हणतात, म्हाताऱ्या माणसाशी कसला दावा? मी म्हणते, त्या दिवशी आत्याबाई म्हाताऱ्या नव्हत्या. माझ्या आजच्या वयाच्या होत्या, पन्नाशीच्या, धडधाकट.

तर टब बसला. पांढराशुभ्र, न्हाणीघर निम्म्याच्या वर खाऊन. उरलेल्या जागेत दार उघडलं की माणसानं आधी टबात जायचं आणि मग दार लावायचं, अशी परिस्थिती. आणि आत्याबाईंची आंघोळ गेली मोरीत. मी प्लास्टिकचा स्टूल ठेवला, पडदा लावला. पडद्याला मुद्दाम जुनं लुगडं शोधून काढलं. पहिल्या दिवशी त्या स्टुलावर बसल्या, पडद्याकडं बघितलं आणि म्हणाल्या की न्हाताना कडी लागते माणसाला. मी म्हटलं, व्हय, लागते. पाणी कोमट दिलं. त्यांच्या गुडघ्यांना कढत लागतं, हे मला चांगलं ठाऊक आहे.

हे एकदा धीर करून म्हणाले, आईला असं उघड्यावर बरं दिसतं का? मी विचारलं, मी न्हात होते तेव्हा कसं दिसायचं? त्यावर ते पेढीवर निघून गेले, त्या दिवशी जरा लवकरच.

आता माझी फजितीही सांगायला पाहिजे. टब घेताना मी लांबी मोजली, रुंदी मोजली, काठाची उंची तर दोनदा मोजली. पाणी किती लागेल ते मोजलं नाही. मिस्त्रीनंही नाही, ह्यांनीही नाही. टबाला लागतात दहा बादल्या आणि आमचा गिझर पंधरा लिटरचा. पहिल्या दिवशी मोठ्या थाटात तोटी सोडून बसले, तर घोट्याएवढं गरम पाणी आलं आणि मग थेट गार. गिझर परत तापेपर्यंत आधीचं निवलं. घोटे भिजवून मी त्यात बसून राहिले, गुडघे हनुवटीला लागलेले. बाहेर हे खोकत होते. खोकला नव्हताच तो, मला कळत नाही होय?

पण हार मानेन तर मी कसली. माळ्यावरनं बंब खाली काढला, चिंच लावून लख्ख घासला, मागच्या अंगणात मांडला. रविवारी पहाटे उठून पेटवला. वरनं गार ओत, खालनं कढत काढ, बादली उचल, अंगण ओलांड, टबात ओत, परत ये. दहा खेपा. टब भरेपर्यंत मी घामानं निथळत होते आणि कंबर धरली होती. आत्याबाई मागच्या दारात खुर्ची टाकून हे सगळं बघत होत्या. आठव्या खेपेला म्हणाल्या, "येक सासू म्हातारी झाली म्हनून दुसरी आनलीस व्हय गं?"

मी बादली तिथंच आपटली. राग कशाचा आला सांगू? बोलणं खरं होतं, त्याचा. आणि बोलावं तर त्यांनी, ह्याचा. त्याच क्षणी ठरवलं की ह्या दिवाळीला हिशेब चुकता करायचा. पहिल्या आंघोळीला त्यांच्या डोक्याला तेल लावायचं, भरपूर लावायचं, बंबापुढं बसवायचं, मी आधी टबात न्हायचं, आणि मग सांगायचं. दोनच शब्द. त्यापुढचं वाक्यही पाठ होतं, शेकलात की पहाटंपास्नं. एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईला आश्विनातल्या पहाटे गार पाणी. हो, ठरवलं होतं मी. लाज वाटायला पाहिजे होती, वाटली नाही.

दिवाळीच्या पहाटे ह्यांना म्हटलं, तुमची आंघोळ शेवटी. ते निमूट आकाशकंदिलाची वायर बघायला गच्चीवर गेले. बंब धडधडून पेटला होता. मी आत्याबाईंना बंबापुढं स्टुलावर बसवलं आणि तेल चोळायला घेतलं. त्यांचे केस आता मूठभर आहेत, खालची कातडी दिसते. बोटं चालवताना त्यांनी डोळे मिटले आणि मान माझ्या पोटाला टेकली. मी मान सरळ केली आणि आणखी तेल ओतलं. कानामागनं ओघळ आले. गुडघ्यांनाही लावलं. मग दहा खेपा घालून टब भरला, कपडे घेतले आणि आत गेले. दार मुद्दाम उघडं ठेवलं, त्यांच्याकडं पाठ करून बसले.

आयुष्यात पहिल्यांदा ह्या घरात मी दिवाळीचं पहिलं पाणी घेतलं. आणि ते कोमट होतं. दहाव्या बादलीपर्यंत पहिल्या पाच निवतात, हे मला आदल्या रविवारीच कळायला पाहिजे होतं. उटणं लावलं, तांब्यानं डोक्यावर पाणी घेतलं. जेवढा वेळ लावता येईल तेवढा लावला. बाहेर ढलप्या तडतडत होत्या. स्टुलाचा पाय एकदा वाजला, म्हणजे गुडघे दुखायला लागले होते. पूर्वेकडची खिडकी फिकट झाली. मग मी एकतीस वर्षांचं साठवलेलं ते तोंडाबाहेर काढलं.

"आत्याबाई, पाणी संपलं."

मी वळून बघितलं नाही. मला त्यांचा उतरलेला आवाज ऐकायचा होता फक्त.

"बंब पेटलेला हाय न्हवं?" त्या म्हणाल्या. "मग पानी संपंल कसं?"

झालं. एवढ्या सहज. राग नाही, काही नाही, मीठ संपलं म्हटल्यावर डबा बघ म्हणावं तसं. जे वाक्य गिळून मी एकतीस दिवाळ्या काढल्या, ते ह्या बाईनं एका श्वासात म्हणून टाकलं. माझं वाक्य होतं ते. मी टबात उभी राहिले, टॉवेल कसाबसा गुंडाळला आणि दारात आले. पाणी सगळीकडं निथळत होतं.

"त्या दिवाळीलाही पेटलेला होता," मी म्हटलं. कुठल्या दिवाळीला, ते सांगितलं नाही. त्या विसरल्या असतील तर पुढचं काय बोलायचं, तेही ठरवून ठेवलं होतं. नाही म्हणतील, तर ट्रंकेतली साडी आणून पुढं टाकायची होती.

त्यांनी विस्तवाकडं बघितलं. तेलाचा एक ओघळ भुवईवर आला होता, तो बोटानं पुसला.

"व्हय, हुता," त्या म्हणाल्या. "पानीबी हुतं. भांड्याला काढलं मी."

ना हात जोडले, ना डोळ्याला पदर लावला. मी हे ऐकायला एवढी वर्षं टपून बसले होते, आणि ऐकल्यावर करायचं काय, ते मात्र ठरवलेलं नव्हतं. अंगावर काटा आला होता, थंडीनं. सूर्य उगवायला थोडाच वेळ उरला होता. नरकात कुणी जायचं असेल ते जावो, पण सणाच्या दिवशी डोक्यात तेल घेऊन बसलेली बाई मला बघवेना, आणि ह्याचा मला आणखी राग आला. माफ केलं, असं कुणी समजू नये. अजून केलेलं नाही.

आधी वरनं गार ओतलं, मग खालनं कढत काढलं, तिनं शिकवलं होतं तसं. दोन बादल्या भरल्या. तिला न्हाणीघरात न्यावं, निदान दाराला कडी लावावी, म्हणून हात धरून उठवलं, आणि दारात येऊन आम्ही दोघी थांबलो. आत स्टूल ठेवायलाही जागा नव्हती. टब होता सगळा. ती आपणच वळली आणि काठी टेकत मोरीकडं निघाली.

मी मोरीत स्टूल मांडला. पडदा वाऱ्यानं उडत होता, तो एका हातानं धरला आणि दुसऱ्या हातानं तांब्या. शिकेकाई चोळली. पाणी कढत होतं, तिला लागतं तसं. गुडघ्यांवर पडलं तशी ती हुश्श करून म्हणाली, अजून ओत. मी ओतलं. तेल सुटायला लागलं. मग मान खाली घालूनच तिनं विचारलं, "तुलाबी ठावं हुतं की तवा. मीच शिकवलंतं. मग बोलली का न्हाईस?"

मी एकोणीस वर्षांची होते, असं म्हणायचं होतं मला. माहेरी नव्या बंबाची ऐपत नव्हती, नवरा कॅलेंडर वाचत उभा होता, असंही. मी पुढचा तांब्या थेट तिच्या डोक्यावर ओतला, म्हणजे तोंड तरी मिटावं लागेल. तिनं मिटलं. पाणी ओसरल्यावर चेहरा दोन्ही हातांनी निपटला आणि परत तेच विचारलं.